अब्बांच्या दाढीचा साबण

११ जानेवारी २०२५, शनिवार. शहागंजातलं एक कटलरीचं दुकान बंद होत होतं. तिथून फारूखने दाढीच्या साबणाच्या सहा जुन्या वड्या दोनशे सत्तर रुपयांना घेतल्या. डब्या गंजलेल्या, वड्या वाळून तडकलेल्या, नाकाशी धरल्या तरी वास नाही. पण छाप तीच होती. अब्बांनी नोकरीची छत्तीस वर्षं याच साबणाने रोज दाढी केली होती.

फारूख रोशन गेटजवळ पंखे, मोटारी दुरुस्त करतो. त्याचे अब्बा सत्त्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपासून त्यांना माणसं आठवत नाहीत आणि वारही आठवत नाहीत. दोन महिने झाले, ते दाढीला कुणाला हात लावू देत नव्हते. वाढलेल्या दाढीखाली हनुवटीवर गळू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, दाढी उतरवून मलम लावा, नाहीतर फाडावं लागेल. नेहमीचा न्हावी धोंडिबा दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला अब्बांनी त्याला चोर समजून काठी उगारली. तेव्हा फारूखच्या मनात आलं, जुना वास आला तर जुनी सवयही आठवेल.

वास कोणता, इथं घोडं अडलं. फारूखला चंदन आठवत होतं. बायको जाहेदा म्हणाली, गुलाब. कन्नडला दिलेली बहीण महेजबीन फोनवर शपथेवर खस सांगू लागली आणि तुम्ही दोघं तेव्हा झोपेत होता का, असंही वर म्हणाली. अत्तरवाल्याने विचारलं, उन्हाळ्याचं देऊ की थंडीचं? फारूख काही न घेताच परतला. शेवटी जाहेदाने अब्बांच्याच कपाटातली अत्तराची कुपी काढली. हे तरी नक्की त्यांच्या आवडीचं.

रविवारी त्याने दोन वड्या किसल्या. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून कीस जरा पाणी आणि ग्लिसरीन घालून मऊ केला. अत्तर घातलं ते गॅसवर असतानाच. वास घरभर गेला, साबण कोरा राहिला. पुढच्या दोन वड्यांना तो गोळा कोमट होईपर्यंत थांबला, मग सात थेंब मळले, वाटीत दाबून बसवला आणि नऊ दिवस सावलीत वाळवला.

मंगळवारी सकाळी धोंडिबाने फेस केला. वास पसरताच अब्बा पलंगावर उठून बसले.

"ईद है और मेरेकू कोई उठाए नईं?"

जाहेदाने कपाळाला हात लावला. ती कुपी या घरात फक्त दोन्ही ईदांच्या सकाळी उघडत असे. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

अब्बांनी आपण होऊन मान वर केली. "आटप धोंडिबा, नमाज निघून जाईल."

धोंडिबाने फारूखकडे पाहिलं. ईद नाही म्हणावं तर वर झालेली मान पुन्हा खाली जाणार, हो म्हणावं तर बापाशी खोटं, तेही ईदचं.

"हलू नका चाचा," धोंडिबाच म्हणाला, "टाइम हाय लई."

अर्धी दाढी झाल्यावर अब्बांनी फेस बोटावर घेऊन हुंगला. "साबण चांगला आहे. माझा बिनवासाचा असायचा. वासाच्या साबणानं मला शिंका येतात."

फारूखने जाहेदाकडे पाहिलं, जाहेदाने भिंतीकडे. ज्याला वार आठवत नाही त्याचं खरं मानावं, की वार आठवणाऱ्या तिघांचं?

गळू मोकळं झालं, मलम लागलं. अब्बांनी नवा कुर्ता मागून घातला आणि धोंडिबाला ईदी द्यायला खिशात हात घातला. खिसा रिकामा. फारूख पैसे काढू लागला, तर त्यांनी त्याला अडवलं. ईदी थोरल्यानंच द्यायची असते, नमाज पढून आल्यावर वीस रुपये देतो, असं त्यांनी धोंडिबाला बजावलं.

फारूख त्यांना रिक्षाने ईदगाहपर्यंत घेऊन गेला. मोकळं मैदान बघून अब्बा म्हणाले, "अपनकूच देर हुई." फारूखने मान हलवली. आपण खोटं बोललो की नाही, हे त्याला घरी पोहोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

अब्बा झोपून उठले तेव्हा त्यांना ईद आठवत नव्हती. फारूखने धोंडिबाला पैसे देऊ केले. त्याने दाढीचे पन्नास घेतले, बाकीचे परत केले. ते चाचांकडूनच घेईन, म्हणाला.

अब्बांकडून धोंडिबाला ईदीचे वीस रुपये अजून येणे आहेत.