माहेरचं बाळंतपण

आई गेली. सकाळी तिनं माझ्या लाडवांसाठी डिंक उन्हात ठेवला होता. दुपारी ती गेली.

मला तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. पण सोलापूरच्या त्या घरात आता बाबांखेरीज कोणी नव्हतं. मी सासरी, सांगोल्याकडच्या गावी जाईन, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मला मात्र आईच्याच घरी राहायचं होतं. तिचा हात नाही, निदान तिची रीत तरी बाळाला मिळावी, एवढंच मनात होतं. बोलून मात्र दाखवता येईना.

तेराव्याला सासूबाई आल्या. जन्म मेंढरांमागे गेलेला, बोलणं थोडकं. माझ्याकडे बघून त्या बाबांना म्हणाल्या, "पाव्हणं, बाळातपन हितंच हुईल. मी येते की."

मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी मुक्काम करून बाळंतपण करायचं, हे आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. त्यातून घरात बाबा एकटे. ते चाचरत म्हणाले, "विहीणबाई, लोक काय म्हणतील?"

"लोकं शेक द्यायला येनार हायत व्हय?"

बाबांनी आपलं अंथरूण गच्चीवर नेलं. सासूबाई सामान घेऊन आल्या त्या दिवशी समोरच्या मावशींनी टोमणा मारलाच, "विहिणी मानपान घ्यायला येतात, ही तर राबायला आली!"

"मानपान बी घेनार की. आदी लेकरू तर येऊ द्या."

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो. सासूबाई न्हाणीघरात पाय पसरून बसल्या, बाळाला नडग्यांवर घेतलं. धुरी द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "बरं, ऱ्हायलं," एवढंच त्या म्हणाल्या. तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि थांबल्या.

"तुज्या आयची रीत कशी हुती गं? माहेरचं बाळातपन हाय. तिच्यासारकंच करू."

मी एकुलती एक. आईला तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना मी कधी पाहिलंच नव्हतं. दाराआडून बाबांना विचारलं. ते म्हणाले, "पुरुषांना आत येऊ देत नसत गं. मी बाहेर पाणी तापवायचो."

सासूबाईंनी तेल बाळाच्या टाळूवर घातलं, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, आणि त्यांना येत होतं तसं न्हाऊ घालायला लागल्या. मला म्हणाल्या, "बस हितं. बघून घे."

आता मुलगी आधाराशिवाय बसते. सासूबाई गावी परतल्या. मी तिला त्यांच्या रीतीनं न्हाऊ घालते. आईची रीत कशी होती, ते सांगणारं कोणी नाही.