हनुवटीवरचं हिरवं

वैशालीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. सात वर्षांची असताना आजीने जत्रेत गोंदवून घेतलेले. मेल्यावर बाईबरोबर जातं ते एवढंच, असं उमरठच्या वरच्या वाडीत म्हणत. वैशालीला त्याचं ना सुख ना दुःख. शहाण्णव साली मुंबईच्या अनिलचं स्थळ आलं आणि तेच ठिपके एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले.

अनिल लालबागेत एका दुकानात कापड फाडायचा, पण बोलणं शेठचं. "पोरगी पसंत हाय. पन हे डिझाइन घेऊन चाळीत कशी नेऊ? लोक हसतील. लगीन फाल्गुनात. त्याच्या आत साफ करा."

साफ करणारा शोधावा लागलाच नाही. पोलादपुरात एस.टी. स्टँडमागे हरीने नुकतीच पाटी लावली होती : 'मुंबईचे त्वचातज्ज्ञ'. मुंबईत चामडीच्या डॉक्टरकडे तो सहा वर्षं होता हे खरं; तिथे लादी पुसायचा, हेही खरं. पण हरी शेजारच्या वाडीचा, आणि वैशालीच्या आईच्या, म्हणजे चंद्राबाईच्या, भावाचा साडू. आपल्या माणसाला 'सर्टिफिकेट दाखव' कोण म्हणणार? त्यापेक्षा पोर जाळलेली बरी!

"दुखंल का ओ, हरीमामा?"

"मुंगी चावल्यागत. मुंबईत हिरॉइनी करून घेतात."

बिनाचिठ्ठीच्या बाटलीतलं पाणी त्याने कापसाने हनुवटीवर चोळलं. वैशाली किंचाळली. चंद्राबाईने तिचे हात दाबून धरले. "गप गो, झालंच."

चामडी आधी पांढरी पडली, मग काळी. चौथ्या दिवशी पू धरला. हरी म्हणाला, "मळ निघतोय," आणि वरून पुन्हा चोळलं. दोन महिन्यांनी जखम भरली ती आकसून. खालचा ओठ हनुवटीकडे ओढला गेला, तोंड मिटेना. पेज प्यायली की गळायची.

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी हनुवटी उजेडाकडे वळवून बघितली. मग म्हणाल्या, "हे अ‍ॅसिड आहे. ज्याने लावलं तो डॉक्टर नाही. तक्रार कर, मी लिहून देते. ओठाचं ऑपरेशन मुंबईला होईल. झालं तर."

अनिल एकदाच आला. ओटीवर उभ्याउभ्याच बघितलं. "यापरीस ते हिरवंच बरं होतं," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मग देवळात गावकी बसली. हरीने नारळ-विडा ठेवून हात जोडले. गावकीचे म्होरके मालोजी खाकरले. "झालं ते पोरीचं नशीब. हरी आपलाच हाय. बाहेर कागद करायचा नाय. करंल त्याचं घर वाळीत."

वैशालीचे वडील गोमाजी मान खाली घालून बसले. ज्याने जाळलं तो आपला, जिचं जळलं तिचं नशीब. वा रे गावकी!

बायकांना आत बसायची रीत नव्हती. वैशाली पायरीवरूनच बोलली. ओठ मिटत नव्हते, शब्द फाटत होते, तरी एकूण एकाला कळले.

"मालोजीकाका, तुमच्या नातीला पन गोंदलंय ना? न्या उद्या हरीमामाकडं. आपलाच हाय."

"बाप बसलाय हितं, गो! जरा लाज धर!" मालोजी गरजले.

"बाप बसलाय म्हनूनच मला उभं रहावं लागलं."

दुसऱ्या दिवशी एकटीच एस.टी.त बसून ती महाडला गेली आणि तक्रारीवर सही करून आली. घर वाळीत पडलं. लावणीला कोणी हात देईना, हळदीकुंकवाला कोणी बोलवेना. चंद्राबाई लेकीशी वर्षभर बोलली नाही.

पाटी उतरली, हरी जामिनावर सुटला. वाडीतून एकही साक्षीदार मिळाला नाही. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. आज पाच वर्षं कोर्टात तारखा पडतायत. हरी वकिलाच्या पाठीमागे तोंड लपवून बसतो. वैशाली पदराने तोंड झाकत नाही. मुद्दाम त्याच्या समोरचा बाक धरते आणि तो मान वर करेपर्यंत बघत बसते.