निळ्या टबातलं टॅपेट कव्हर

स्वयंपाकघराच्या मागे धुण्याची जागा आहे. तिथे भाऊजींचे दोन टब असतात. लाल टबात कॉस्टिक सोड्याचं पाणी, निळ्यात रॉकेल. लाल लोखंडासाठी, निळा ॲल्युमिनियमसाठी. टबांवर काही लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरजच नव्हती. माझ्या दहा वर्षांच्या मुलीलाही ते पाठ होतं. ॲल्युमिनियम सोड्यात पडलं की सोडा ते खातो. भाऊजी म्हणायचे, "ॲल्युमिनियम म्हणजे घरचा जावई, वहिनी. त्याच्याशी कडक वागून चालत नाही."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आता पन्नाशीला आले. लग्न केलं नाही. वीस वर्षं एका गॅरेजात इंजिनं उघडली, आणि गॅरेज बंद पडलं तेव्हा हे दोन टब, पान्यांची पेटी आणि बसायचा पाट एवढं घेऊन घरी आले. लोक त्यांच्याकडे जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग आणून देतात. वर्षानुवर्षांच्या काळ्या तेलाने माखलेला तो गोळा भाऊजी हातात घेतात, उलटासुलटा करतात आणि विचारतात, "काय राव, आंघोळ कधी केली होती शेवटची?"

मग दोन दिवस रॉकेल. मग टूथब्रश. आमच्या घरातला एकही टूथब्रश कचऱ्यात जात नाही. बारीक भोकांतून खराट्याची काडी फिरवायची, सायकलच्या पंपाने हवा मारायची, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. शेवटी जुन्या बनियनचा तुकडा. काढलेले स्क्रू ते बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवतात, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. एकदा मी न बघता त्या ट्रेमध्ये पाणी भरून ती फ्रीजमध्ये सरकवली. आठ स्क्रू गोठले. "वा वहिनी," ते म्हणाले, "आज सरबतात नटबोल्ट."

आणखी एक सांगायला हवं. वापरलेलं रॉकेल ते टाकून देत नाहीत. कॅनच्या तोंडावर सुती कापडाची दुहेरी घडी धरतात आणि त्यातून ओततात, म्हणजे गाळ वर राहतो. कापडाशिवाय ओतलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

माझ्या मुलीची छाती लहानपणापासून घरघरते. ती रात्री खोकली की मी उठून बसते आणि अंधारात वास घेत राहते. धूळ कुठून येते, ओल कुठे आहे, आणि रॉकेल. भाऊजी दार लावून काम करत, टबांवर झाकणं ठेवत, तरी मला वास यायचा. मी बोलून दाखवायची. ते हसायचे. "तुमचं चाललं तर तुम्ही पाण्यालाही स्वेटर घालाल." पण दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीत कापडाचे बोळे कोंबलेले दिसायचे.

गेल्या हिवाळ्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकेने, हेडबाई म्हणू या, त्यांच्या यजमानांच्या गाडीचं टॅपेट कव्हर आणून दिलं. म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसतं ते लांबट झाकण. ॲल्युमिनियमचं, आणि वर कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत ओतलेलं. यजमान गेल्यापासून गाडी उभी होती. बाईंना ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. कव्हर त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. "हे आता मिळत नाही हो," त्या म्हणाल्या. भाऊजींनी तीन आठवडे त्यावर घातले. एकेका अक्षराच्या कडा त्यांनी काडीने कोरून मोकळ्या केल्या. फक्त शेवटचं एक बुचकळणं राहिलं होतं, म्हणून ते निळ्या टबात होतं.

आदल्या रात्री मुलगी खूप खोकली होती. दुपारी भाऊजींनी एक लोखंडी पट्टी लाल टबात टाकली आणि ते जरा आडवे झाले. मी धुण्याच्या जागेत गेले, निळ्या टबाचं झाकण उचललं आणि तो वास नाकात गेल्याबरोबर माझं डोकं फिरलं. मी रॉकेल कॅनमध्ये ओतून टाकलं, कॅनचं बूच घट्ट लावलं, आणि कव्हर उचलून लाल टबात ठेवलं. सोड्याला वास नसतो. वर झाकण ठेवलं. साफच होतंय ना, मग याने काय आणि त्याने काय.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा यांचं समीकरण मी परीक्षेत लिहिलेलं आहे आणि त्याचे पूर्ण गुण मिळवलेले आहेत. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही. त्या वेळी मला ते ठाऊक असायला नको होतं, इतकंच.

संध्याकाळी भाऊजींनी झाकण काढलं. टबातून फसफस आवाज येत होता, पाणी गरम झालं होतं. त्यांनी चिमट्याने कव्हर बाहेर काढलं. काळंठिक्कर, अंगभर खड्डे, कडेला एक भोक. अक्षरांच्या जागी नुसता खडबडीत उंचवटा होता. ते बराच वेळ नळाखाली धरून उभे राहिले, जणू पाण्याने काही परत येईल.

मग त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही काही हलवलंत का इथलं?"

मी कणीक मळत होते. वर न बघता म्हणाले, "नाही बाई. मी कशाला तुमच्या वस्तूंना हात लावू?"

"मग मीच," ते म्हणाले.

वाटलं, दोन दिवस हळहळतील आणि विसरतील. पण विसरणं हाच तर आमच्या घरातला सगळ्यात भीतीचा शब्द होता. माझ्या सासऱ्यांची स्मृती साठीच्या आधीच गेली. सुरुवात किल्ली तांदळाच्या डब्यात सापडण्यापासून झाली, आणि शेवटी ते भाऊजींनाच विचारायचे, "आपण कोण?" चार वर्षं त्यांना आंघोळ घालण्यापासून सगळं भाऊजींनी केलं. रात्री जेवताना ते हळूच म्हणाले, "बाबांचं असंच सुरू झालं होतं ना? मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. रॉकेल कधी ओतलं, कव्हर कधी उचललं. कोरी पाटी."

माझ्या यजमानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी आमटी वाढली.

हेडबाई भल्या. "जाऊ द्या, वस्तूच ती," म्हणाल्या आणि कव्हर त्याच टॉवेलात गुंडाळून घेऊन गेल्या. भाऊजींनी दोन्ही टब रिकामे करून पालथे घातले. आलेलं काम परत पाठवू लागले. गॅसचं बटण बंद केलं की पुन्हा येऊन बघायचे, मग तिसऱ्यांदा. मुलीला रोज स्कूटरवरून शाळेत तेच सोडायचे. एका सकाळी त्यांनी किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "तुम्ही सोडा तिला. मध्येच कुठे उतरवून विसरून आलो तर?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. किल्ली उचलली मी. आणि खोटं कशाला लिहू, धुण्याच्या जागेत वास नाही याचं मला बरंही वाटत होतं. महिना गेला. खोकला होता तसाच होता.

माझ्या यजमानांनी स्मृतीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांना रजा मिळेना, म्हणून सोबत मी गेले. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टर तरुण, बोलका माणूस. त्याने महिने उलटे म्हणायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. भाऊजी धडाधड सांगत गेले.

"उत्तम. मग त्रास काय होतोय? विसरल्याचं एखादं उदाहरण सांगा."

भाऊजींनी टॅपेट कव्हरची गोष्ट सांगितली. सगळी, सावकाश, लाल टब, निळा टब, मी हात लावला नव्हता इथपर्यंत.

"आणखी?"

"आणखी..." भाऊजी आठवू लागले. "नाही. तेवढंच. पण तेवढं पुरे आहे डॉक्टर, आमच्या घरात."

डॉक्टर लिहायला लागला. पेन कागदावर टेकलेलं मला दिसलं. एकदा ते कागदावर उतरलं की ते त्यांच्या नावापुढे राहणार होतं.

"ते यांनी नाही टाकलं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरने कान पुढे केला. "मी टाकलं. रॉकेलही मीच ओतलं. वास येत होता म्हणून. त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग आधी तुम्ही दोघं पेशंट कोण ते ठरवा," तो म्हणाला, आणि हसण्यासारखं काही नाही हे ध्यानात येऊन फाइल आवरू लागला.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. राग येईल म्हणून मी तयार होते. पण त्यांचा चेहरा सैल पडला, आणि ते म्हणाले, "म्हणजे मी नाही?"

"नाही."

"खरंच मी नाही?"

ती सुटका बघण्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिक्षा अर्ध्या रस्त्यात आली. तेव्हा बाहेर बघत भाऊजींनी विचारलं, "ओतताना कापड धरलं होतंत?"

"नाही."

"तरीच." ते बराच वेळ मान हलवत राहिले. "कॅनच्या तळाला गाळ होता. मला दुसऱ्याच दिवशी दिसला. मी म्हटलं, डोकं विसरेल, पण हात कापड कसं विसरले? महिनाभर तेच डोक्यात. माझे हात असं करणारच नाहीत."

"मग मला पुन्हा का नाही विचारलंत?"

"एकदा विचारलं होतं की. वहिनी खोटं कशाला बोलतील?"

घर आल्यावर रिक्षातून उतरताना ते म्हणाले, "हेडबाईंना तुम्ही सांगायचं. त्यांनी चार जणांत सांगितलंय की माझा कामातला हात गेला."

दुसऱ्या दिवशी मी गेले. बाईंनी दार अर्धं उघडून सगळं ऐकलं. मुलीच्या खोकल्याचं सांगायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला. वर्गात करत असतील तसा. "कारण नको. मिस्त्रींचा दोष नव्हता, एवढंच ना?" मी हो म्हणाले. "मग मी सांगेन लोकांना," त्या म्हणाल्या आणि दार लावलं. आत कपाटावर ते काळं कव्हर टॉवेलावर ठेवलेलं मला दिसलं होतं.

टब पुन्हा सुलटे झालेत. स्कूटरची किल्ली भाऊजींच्या खिशात गेली. पण आता दोन्ही झाकणांवर पांढऱ्या रंगाने मोठी अक्षरं आहेत, 'लोखंड' आणि 'ॲल्युमिनियम'. मुलीने विचारलं, "काका, हे कुणासाठी? आपल्याला तर पाठ आहे." ते म्हणाले, "असू दे." पूर्वी माझ्या चहाला नावं ठेवायचे, रोज नवं नाव. आता कप घेताना "थँक्यू" म्हणतात. अठरा वर्षांत त्यांनी मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं.

आज संध्याकाळी त्यांनी मला मागे बोलावलं. एक कार्बोरेटर धुऊन झाला होता, निळा टब रिकामा करायचा होता. नेहमी ते एकटेच करतात. त्यांनी कापडाची घडी माझ्या हातात दिली.

"धरा कॅनच्या तोंडावर. दोन्ही हातांनी."

मी धरली. ते ओतत होते, मी धरून होते. रॉकेल बोटांवरून ओघळलं. वास नाकात गेला, डोळ्यांत गेला. आतल्या खोलीत मुलगी दोनदा खोकली, आणि मी जागची हलले नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत भाऊजी माझ्या हातांकडे बघत होते.

आता सगळे झोपलेत. दोनदा साबण लावला, तरी हे लिहिताना बोटांना वास येतोच आहे.