आठ लिव्हरचं कुलूप

सुमनकाकूंचं नाव आधी लिहितो, कारण त्या नसत्या तर मी मुलुंडात टिकलोच नसतो. सातवीत शाळा सोडून बुलढाण्याकडून आलो, कुलपांच्या गाळ्यात कानस मारायला लागलो, आणि पहिल्याच वर्षी कावीळ झाली. मागच्या सोसायटीतल्या या बाईंनी, ओळख ना पाळख, महिनाभर पेज पाठवली. डबा घेऊन यायचे ते त्यांचे यजमान, मोरेसर. ते मोरेसर गेले. दीड महिना झाला. कामावरून येताना स्टेशनच्या जिन्यावर कोसळले. निरोप आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होतो… हातातली कानस खाली ठेवायचंही सुचेना.

सर कचेरीत संगणकावर काम करायचे. गुप्त मजकूर आकड्यांनी कुलूपबंद कसा करतात, याचं त्यांना वेड. एकदा गाळ्यात स्टुलावर बसून म्हणाले, "एका कुलपाची किल्ली छप्पन्न खुणांची, दुसऱ्याची पाचशे बारा. भारी कुठलं रे?"

"पाचशे बाराचं. विचारताय काय सर? जास्त लिव्हर, जास्त मजबूत."

"वाट लागली तुझ्या गिऱ्हाइकांची. कुलपाची जात न बघता किल्ली मोजतोस?"

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या जातीत लावायची न्‌ उघडायची किल्ली एकच. चोराला एकेक किल्ली लावून बघत बसावं लागतं, आणि एक खूण वाढली की त्याचं काम दुप्पट, म्हणून आखूड किल्लीही पुरते. फक्त ती समोरच्याला गुपचूप पोचवायची कशी, हा घोर. दुसरी जात आमच्या दाबकुलपासारखी. उघडं कुलूप कुणालाही द्या, तो दाबून लावील. किल्ली मालकाच्या खिशातून हलत नाही. पण ते उभं असतं दोन मोठ्या आकड्यांच्या गुणाकारावर. चोर किल्ल्या लावत नाही, गुणाकार फोडतो. ती वाट जवळची, म्हणून आकडा लांबलचक लागतो, न्‌ एवढं करून दोन्ही कुलपं जवळपास सारखीच. मला सगळं कळलं असं नाही… सर मात्र दर वेळी पहिल्यापासून सांगायचे, न कंटाळता.

त्यांच्या वह्यांच्या ट्रंकेला दाबकुलूप मीच केलं. आठ लिव्हर, म्हणजे किल्लीनं उचलायच्या आतल्या पट्ट्या, प्रत्येकीच्या चार उंच्या. सरांनी तिथल्या तिथे गुणाकार केला. "पासष्ट हजार पाचशे छत्तीस किल्ल्या. झकास." दुसरी किल्ली करतो म्हटलं, तर म्हणाले, "नको. मग ती कुठाय, याची काळजी." मी ऐकलं, कुठली उंची कुठे तेही टिपून ठेवलं नाही. ऐकायला नको होतं. त्या दिवशी किल्ली त्यांच्या खिशात होती. नंतर मिळाली नाही. जिन्याची पायरी न्‌ पायरी मी शोधली.

"तू केलंस, तूच उघड," काकू म्हणाल्या. "पण कापायचं नाही हं. त्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं दाबलंय ते."

गाळ्याचा मालक, आमचा उस्ताद, म्हणतो, कडी काप, दोन मिनिटांचं काम. ते मलाही येतं. जवळची वाट शोधली, पण मीच लिव्हर इतके नीट बसवलेत की कुठे फट नाही. म्हणून दर रविवारी काकूंकडे जातो. खिडकीखालच्या ट्रंकेपुढे बसतो, घासतो, लावतो, वहीत फुली मारतो. काकू चहा ठेवतात. एका रविवारात साठेक किल्ल्या होतात. गुणाकार सरांनी शिकवला म्हणून कळतं, सगळ्या लावायला एकवीस वर्षं. काकूंचं वय मला माहीत आहे…

काकू, पेज परत करता येत नाही. ही किल्ली मात्र कधी ना कधी तुमच्या हातात देईन. दोन करीन.