वालूरच्या सूर्यभानची पिकअप

लोक त्याला वालूरचा सूर्यभान म्हणत, पण तो मूळचा वालूरचा नव्हता. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीत त्याच्या गावातली वस्ती पेटली, तेव्हा तो ऐन विशीत होता. आई धुरपताबाईचा हात धरून तो गुडघ्याएवढ्या पिकांतून निघाला आणि चालत चालत वालूरच्या शिवारात येऊन थांबला. पुढं काही वर्षं गंगाखेडकडं उसाच्या गाड्यांवर राहिला, तिथंच स्टेअरिंग धरायला शिकला. कुठल्याशा खात्यानं लिलावात काढलेली एक जुनी पेट्रोलवरची पिकअप त्यानं घेतली, सरजाबाईशी लग्न केलं आणि गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या.

पिकअपचा निळा रंग उडून उडून पहाटेच्या आभाळासारखा झाला होता. आठवडी बाजाराची भाजी, कुंभाराची मडकी, शेळ्या, अडलेल्या बायका, सगळं तिच्या मागच्या हौद्यातून सेलूला गेलं होतं. उन्हातल्या पांढऱ्या रस्त्यावर गाडी एका लयीत लागली की सूर्यभानला गुंगी आल्यासारखं व्हायचं. आपण चाललो नाही, शेतंच हळूहळू मागं वाहायलीत, असं वाटायचं.

चौऱ्याण्णवच्या थंडीत मात्र गाडी बिघडली. पहाटे चोक ओढून सेल्फ मारला की इंजिन लागायचं, दोन-चार धापा टाकायचं आणि बंद पडायचं. पुन्हा लावावं तर कसंबसं तग धरायचं, पण उभ्या जागी असं हिसकायचं की हौद्यातल्या साखळ्या खुळखुळायच्या. ऊन चढलं की सगळं बरं. सेलूच्या रंगनाथ मिस्त्रीनं प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून धुतला. पण त्याच्या दारात गाडी पोचायची ती तापलेली, तिथं ती शहाण्यासारखी चालायची.

"सूर्यभान, माझ्यापुढं तर काहीच करत न्हाई ही," रंगनाथ हात पुसत म्हणायचा. "घरी जाऊन नखरे करत असंल."

त्यात संक्रांत आली आणि रेडिओवर बातमी आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. धुरपताबाई चुलीपुढं बसली होती. तिनं बातमी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "सूर्या, मला विद्यापीठाची ती कमान दाव. ज्या नावापायी घर गेलं, ते नाव कसं दिसतं ते बघू दे."

"नेतो की माय."

वस्तीतली आणखी माणसं तयार झाली. पहाटे निघायचं ठरलं, म्हणजे दिवसाउजेडी परत येता येईल. सूर्यभाननं होकार दिला खरा, पण मंठ्याच्या पुढं माळावर, थंडीत, बायकामाणसं हौद्यात आणि गाडी बंद, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

जायच्या आदल्या सकाळी, फटफटायच्या सुमाराला तो गाडीपाशी गेला. त्यानं ठरवलं होतं की आज गाडी तापू द्यायची नाही, आजारात असतानाच तिला बघायचं. धुकं इतकं खाली आलं होतं की लिंबाचं झाड अधांतरी तरंगत होतं. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन लावलं. ते लागलं, धापलं, बंद पडलं. पुन्हा लावलं. आता ते थरथरत, अडखळत राहिलं.

धुरपताबाई घोंगडं गुंडाळून बाहेर आली.

"माय, थंडी लय हाय. आत जाय."

"मला न्हाई वाजत." ती मडगार्डाला टेकून ऐकत राहिली. लहानपणी ती लोहाराच्या आळीत भाता ओढायला जायची. ते दिवस तिच्या तोंडून सूर्यभाननं कधी फारसे ऐकले नव्हते. "सूर्या, ही खोकत न्हाई. हिचा वारा फुटायलाय. भात्याचं कातडं उसवलं की अशीच फुसफुस यायची. आग धरायचीच न्हाई मग."

"कुठं ऐकू यायली तुला फुसफुस?"

"तिथं कुठंतरी. तुझ्या ह्या ढोलाच्या आड." तिनं कार्बोरेटरवरच्या हवेच्या गोल डब्याकडं बोट केलं.

सूर्यभान वाकून इंजिनाकडं बघू लागला. वारा. तेलाचा, विजेचा विचार सगळ्यांनी केला होता, वाऱ्याचा कुणीच नाही. पेट्रोल काढायची रबरी नळी त्यानं घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक इंजिनावरून सावकाश फिरवू लागला. नळीतून ठोके आले, पंख्याची घरघर आली, आणि कार्बोरेटरच्या बुडाशी एकदम बारीक सुस्कारा. झोपेत कुणी दातांतून श्वास ओढावा तसा. तो किती वेळ ऐकत राहिला त्याला कळलं नाही. इतक्या वर्षांत गाडीनं प्रथमच आपल्याशी काही बोलल्यासारखं त्याला वाटलं.

"सरजा, साबण आण गं, ओला करून."

सरजाबाईनं धुण्याचा साबण आणला. सूर्यभाननं तो मऊ करून कार्बोरेटरच्या खालच्या सांध्यावर बोटानं लिंपला. मागच्या बाजूला बोट पोचलं तसं इंजिन एकदम सरळ झालं. साखळ्या थांबल्या. धुक्यात नुसता एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज उरला.

"अगं बाई!" सरजाबाई हसली.

आता सगळं उलगडलं. सांध्यातलं पॅकिंग वाळून कडक झालं होतं, मागचा नट सैल होता. थंडीत लोखंड आकसलं की तिथं केसाएवढी फट पडायची, तिच्यातून जादा हवा आत जायची आणि पेट्रोल पातळ पडायचं. तापलं की लोखंड फुगायचं, फट बुजायची. म्हणून तर रंगनाथच्या दारात रोग लपायचा.

दुपारी सूर्यभान सेलूहून पॅकिंगचा जाड कागद घेऊन आला. सांगितलं तेव्हा रंगनाथ म्हणाला, "वारा व्हय! आन् मी नुसता स्क्रू आवळत बसलो," आणि दुकान पोराच्या हवाली करून तो त्याच्याबरोबरच वालूरला आला. दोघांनी कार्बोरेटर उतरवला, कागद त्यावर ठेवून कडेकडेनं हातोडीनं ठोकत आकार कापला, नट सारखे आवळले. झटके लपवण्यासाठी आपणच आधी वाढवून ठेवलेला रेसचा स्क्रू रंगनाथनं परत मागं फिरवला.

दुसऱ्या पहाटे गाडी पहिल्या सेल्फला लागली आणि लागलेलीच राहिली. हौद्यात कडबा अंथरून माणसं बसली. धुरपताबाई पुढं सूर्यभानजवळ बसली. धुक्यात ना झाडं होती ना गावं, दिव्यांपुढं फक्त हातभर रस्ता उजळायचा आणि मिटायचा. मागं कुणीतरी बारीक आवाजात गाणं धरलं. मंठा कधी गेलं कळलं नाही. जालन्याच्या अलीकडं धुकं सोनेरी झालं आणि त्यातून एकेक शेत वर आलं, पाण्यातून यावं तसं. धुरपताबाई डोळे मिटून बसली होती. ती झोपली असावी असं वाटून सूर्यभाननं वेग कमी केला.

"मी जागीच हाय," ती म्हणाली. "चल."

औरंगाबादला कमानीपाशी माणूस मावत नव्हता. गुलाल उडत होता, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. धुरपताबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं जवळ उभ्या असलेल्या कॉलेजातल्या एका मुलीचा हात धरला. "लेकी, वाचून दाव."

मुलीनं वाचलं. धुरपताबाई म्हणाली, "सावकाश. एकेक."

मुलगी बोटानं दाखवत एकेक अक्षर म्हणू लागली आणि धुरपताबाई तिच्या मागून म्हणत राहिली. सूर्यभान थोडा लांब उभा होता. गर्दीच्या गलक्यात त्याला आईचा आवाज येत नव्हता, फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. सरजाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. सगळे गवतावर गोल बसले आणि ऊन अंगावर घेत जेवले.