ग्रहणातलं कलिंगड

औषधांनी झडलेले केस पुन्हा उगवले की त्यांचा स्पर्श कसा असतो, ठाऊक आहे तुम्हाला? कोवळ्या हरभऱ्यावरून सकाळी हात फिरवावा तसा! पलूसला गेलो की माझी भाची मनीषा हिच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, ओवीच्या, डोक्यावर मी तो मनसोक्त अनुभवतो. पूर्वीचे सरळ केस आता कुरळे आलेत, आणि त्याचा बाईसाहेबांना भारी तोरा. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार संपले तेव्हा चौकात अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर पुढारी ऐसपैस आणि ओवी कोपऱ्यात तिकिटाएवढी. जणू सलाइन त्यांनाच लावली होती!

हे कशामुळे झालं, असं मनीषाने सांगलीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, बहुधा बाळ पोटात असतानाच एखाद्या पेशीत पहिली चूक होते. अशा पेशी कितीतरी बाळांत असतात आणि बहुतेक मुकाट विरून जातात. क्वचित एखादीत पुढे आणखी चूक घडते आणि आजार होतो. आईच्या हातून काही चुकलं म्हणून नव्हे. किती निगर्वी उत्तर! पण मनीषाने त्यातलं ‘पोटात असतानाच’ एवढंच घरी आणलं. ओवीच्या वेळी तिने ग्रहणात कांदा चिरला होता. सासूबाई, म्हणजे आक्का, म्हणाल्याच, “तवाच म्हनलं हुतं, इळीला हात लावू नगं.”

आपल्याला दुःखापेक्षा त्याचा गुन्हेगार अधिक हवा असतो का? आणि एवढ्या अफाट आकाशात फिरणाऱ्या चंद्राला पलूसच्या कांद्यात इतका रस असावा?

यंदा मनीषाला पुन्हा दिवस गेलेत. परवा संध्याकाळी ग्रहण लागलं आणि ती माजघरात हात मांडीवर ठेवून मूर्तीसारखी बसली. तेवढ्यात ओवीने कलिंगड ढकलत आणलं.

“आई, काप की!”

“गिराण सुटू दे गं,” आक्का म्हणाल्या.

“मग मी गार झालेलं खाणार न्हाई!”

कलिंगड मुळातच गार होतं, पण हट्टाला तर्क कशाला लागतो? मनीषा माझ्याकडे वळली. “मामा, डॉक्टर खरं बोलले असतील ना?”

“खोटं कशाला बोलतील? त्यांना काय निवडणूक लढवायचीय?”

ती खुदकन हसली. किती दिवसांनी! मग उठली, सुरी घेतली. पातं टेकताच कलिंगड कडाडून उकललं आणि माजघर लालेलाल गंधाने भरून गेलं. ओवी कोपरापर्यंत माखली. मनीषाने पहिल्यांदा स्वतःच्या पोटावर निर्धास्त हात ठेवला.

आक्का बराच वेळ त्या फोडींकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

“बिया काडून दे गं. दात न्हाईत मला.”