मागे काहीतरी वाजतंय

जागतिक अजिंक्यपदाच्या रॅलीत धावणारी एक गाडी तीन वर्षं माझं पोट भरत होती, आणि ती मी प्रत्यक्षात एकदाही पाहिली नाही. युरोपातल्या एका कंपनीने ती बनवली होती. तिचे सुटे भाग किती ताण सोसतील याची गणितं मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात बसून करायचे. माझ्या वाट्याला मागच्या चाकाला धरून ठेवणारा, हातभर लांबीचा दांडा आला होता. सगळे त्याला आर्म म्हणत.

पहिल्याच मोसमात गाडीची दशा झाली. कधी रेडिएटर चिखलाने तुंबला, कधी गिअर अडकले. दोनदा माझा आर्म तुटला. दोन्ही वेळा ड्रायव्हरने दगडावर गाडी घातली असं ठरलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

रॅलीनंतर गाडीतलं रेकॉर्डिंग आमच्याकडे यायचं. ड्रायव्हरशेजारी बसून पुढची वळणं वाचून दाखवणारा माणूस मला त्यातूनच ओळखीचा झाला. गाडी दगडधोंड्यांवरून उडत असली तरी त्याचा आवाज पोथी वाचल्यासारखा संथ असायचा. डावं चार, चढावावरून उजवं तीन; आकडा म्हणजे वळण किती तीव्र ते. एका रेकॉर्डिंगमध्ये दोन वळणांच्या मधे तो त्याच सुरात म्हणाला, "मागे काहीतरी वाजतंय." आणि पुढचं वळण वाचू लागला. गाडी त्या दिवशी शेवटपर्यंत पोचली.

मी आमच्या टीम लीडला ते ऐकवलं. तोही माझ्यासारखा पुण्याचाच.

"सेन्सरमध्ये काही दिसतंय का?" त्याने विचारलं.

"नाही. पण तो म्हणतोय ना."

"अगं, आपलं काम नंबर्सचं. आवाजावर रिपोर्ट कसा लिहिणार?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं. मी ती ओळ रिपोर्टमध्ये घातली नाही. सुट्या भागांचा तुटवडा होता, म्हणून वरवर तपासून तोच आर्म पुढच्या रॅलीत बसवला गेला.

ती रॅली मी दुपारी ऑफिसात पाहत होते. एका वेगवान डाव्या वळणावर मागचं चाक आडवं झालं आणि गाडी उतारावरून कोलांट्या खात खाली गेली. ड्रायव्हर चालत बाहेर आला. वळणं वाचणाऱ्याच्या पाठीचा मणका मोडला होता.

दोन आठवड्यांनी तुटलेला आर्म खोक्यातून आमच्याकडे आला. पुन्हा दगडाचंच नाव निघत होतं. मी तो घेऊन बोम्मसंद्रातल्या एका लहानशा तपासणी लॅबमध्ये गेले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक धातुतज्ज्ञ तिथे बसत. त्यांचं मराठी घराणं चार पिढ्यांपासून चामराजपेटेत राहणारं, म्हणून बोलण्यात कानडी मिसळलेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

"स्वल्प उजेडाकडे धर," ते म्हणाले. मग तुटलेल्या तोंडावर त्यांनी भिंग धरलं. "ह्या रेघा बघितलीस? ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. दगडाच्या एका ठोक्यात तुटलं असतं तर ह्या आल्या नसत्या. हे बरेच दिवस हळूहळू फाटत होतं."

"आवाज आला असेल का, अण्णा?"

"शेवटी शेवटी आला असणार. कुणी ऐकला का?"

मी आर्म परत खोक्यात घातला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चहा मागवला आणि मला बसवून ठेवलं.

त्या आठवड्यात मी रिपोर्ट नव्याने लिहिला. रेघांचे फोटो लावले आणि वळणं वाचणाऱ्याचं ते वाक्य, ते मी आधी ऐकलं होतं या कबुलीसकट, पहिल्या पानावर घातलं. टीम लीडने ते दोनदा वाचलं आणि न बदलता पाठवलं. आर्म जाड झाला. त्यानंतर तो तुटला नाही. गाडी एकदा सातवी आली, एकदा पाचवी. मग कंपनीने रॅलीतूनच अंग काढून घेतलं.

मला मात्र त्या वाचणाऱ्याचा आवाज सोडेना. रिक्षा खड्ड्यातून गेली की मी मागे वळून बघायचे. भाजी चिरताना, आंघोळीला पाणी सोडताना तो वळणं वाचत असायचा, आणि पुढे काय येणार हे फक्त मला ठाऊक असायचं.

शेवटी मी त्याला पत्र लिहिलं, सगळं सांगून. महिन्याभराने उत्तर आलं. तो आता काठी घेऊन चालतो, पुन्हा गाडीत बसला नाही. त्याने लिहिलं होतं, "मीही ते ऐकलं होतं, आणि पुढचं वळण वाचलं. तेव्हा वळणच महत्त्वाचं वाटलं." अपघाताचा दिवस त्याला आठवत नाही. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग पाठवशील का, असं त्याने विचारलं होतं.

कंपनीची परवानगी काढून मी ते पाठवलं. अपघाताची, शेवटची अकरा सेकंदं तेवढी कापली आणि तसं त्याला कळवलं. त्याने आभार मानले. ती सेकंदं त्याने अजून मागितलेली नाहीत. माझ्याकडे ती आहेत.